उष्माघातानंतर हॉट योगा: पुन्हा केव्हा आणि कोणत्या पायऱ्यांनी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे वय ४१ असून त्या पुण्यात राहतात आणि गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा हॉट योगाच्या, म्हणजे तापवलेल्या खोलीत आसने करण्याच्या, वर्गाला जात होत्या. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्याला लग्नासाठी गेल्या असताना भर दुपारी वरातीबरोबर चालता चालता त्यांना भोवळ आली, उलटी झाली आणि त्या कोसळल्या. दोन दिवस रुग्णालयात राहून त्या घरी आल्या. रुग्णालयाच्या कागदावर ‘हीट एक्झॉशन’ म्हणजे उष्णतेने आलेली ग्लानी असे लिहिले आहे. परंतु त्यांचे यजमान सांगतात की त्या पंधरा-वीस मिनिटे असंबद्ध बोलत होत्या, आणि ताईंना स्वतःला त्या वेळचे काहीही आठवत नाही. आता सात आठवडे उलटले आहेत. वर्गाच्या शिक्षकांचे म्हणणे असे की, तापलेल्या खोलीत हळूहळू सराव केला की शरीर उष्णतेला सरावेल आणि पुन्हा असा प्रसंग येणार नाही. तीन महिन्यांचे शुल्क आधीच भरलेले आहे. ताई रक्तदाबासाठी लघवी वाढवणारा घटक असलेली गोळी घेतात आणि पावसाळी सर्दीसाठी अधूनमधून ॲलर्जीची गोळी घेतात. किती दिवसांनी परत जावे, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

गेली पंचवीस वर्षे मी विदर्भातल्या उन्हाळ्यात अशा रुग्णांवर उपचार करीत आलो आहे, आणि त्याहून अधिक काळ स्वतः आसनांचा अभ्यास करीत आहे. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंविषयी मला आस्था आहे. ताई, आपला योगाभ्यास थांबू नये असे मला मनापासून वाटते. तरीही तापलेल्या खोलीत आत्ता जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण दिवसांचा आकडा सांगून हे उत्तर पूर्ण होत नाही.

सर्वांत आधी, आपल्याला नेमके काय झाले होते हे ठरवावे लागेल. उष्णतेच्या आजारांना एकच नाव देऊन चालत नाही. पायांत गोळे येणे, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन क्षणभर शुद्ध हरपणे, पाणी आणि क्षार कमी पडून मळमळ, डोकेदुखी व गळाठा येणे, हे सारे त्रासदायक असले तरी त्यात मेंदू शाबूत असतो आणि सावलीत आडवे केले, पाणी-मीठ दिले की माणूस तासाभरात पूर्ववत बोलू लागतो. उष्माघात ही निराळीच अवस्था आहे. शरीराच्या आतले तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि त्याबरोबर मेंदूच्या कामात बिघाड झालेला असतो. असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, भांडखोर होणे, झटके येणे किंवा बेशुद्धी ही त्याची लक्षणे होत. आपण पंधरा-वीस मिनिटे भलतेच बोलत होता आणि तो काळ आपल्या स्मरणातून पुसला गेला आहे, ही माहिती माझ्या दृष्टीने कागदावरच्या निदानापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत कोणी डोक्यावर पाणी ओतलेले असते, गाडीत एसी लागलेला असतो, आणि तिथे काखेत लावलेला थर्मामीटर ३८ दाखवतो; त्यावरून सौम्य निदान लिहिले जाते. घामाने भिजलेल्या माणसाचे तापमान काखेत, कपाळावर किंवा कानात मोजले तर ते एक-दोन अंशांनी सहज फसवते. खरा आकडा गुदद्वारातून मोजल्यावरच कळतो. म्हणून, रुग्णालयाकडून आपल्या केसपेपरची प्रत मागवावी आणि पहिले तापमान किती होते, कोठे आणि केव्हा मोजले होते, हे पाहावे. ही माहिती मिळाली नाही तर आपल्याला उष्माघातच झाला होता असे धरून पुढचे सर्व ठरवावे. सावधगिरीची चूक झाली तर दोन-तीन महिने जातील. उलट बाजूची चूक परवडणारी नाही.

आता तापलेल्या खोलीविषयी. हॉट योगाचा सर्वाधिक प्रसिद्ध प्रकार कोलकात्यात जन्मलेल्या बिक्रम चौधरी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजवला. त्यात दोन श्वसनक्रियांसह एकूण २६ क्रिया ९० मिनिटांत करतात, आणि खोली सुमारे ४०.६ अंश सेल्सिअस व ४० टक्के आर्द्रतेवर ठेवतात. आज अनेक ठिकाणी ३२ ते ३८ अंशांचे सौम्य वर्गही चालतात, म्हणून आपल्या वर्गात नेमके किती तापमान आणि किती आर्द्रता असते, हे विचारून लिहून घ्यावे. ‘गरम असते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. खोली छतावरच्या किंवा भिंतीवरच्या इन्फ्रारेड पट्ट्यांनी तापवली जात असेल तर हवेचा थर्मामीटर दाखवतो त्यापेक्षा अधिक उष्णता अंगावर पडते, हेही लक्षात घ्यावे.

अनेक जण म्हणतात, ‘आम्ही नागपूरचे, ४५ अंश पाहिलेले, आम्हाला ४० चे काय?’ या समजुतीचे उत्तर आपल्या घरातल्या कूलरपाशी आहे. विदर्भात एप्रिल-मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर गारेगार करतो, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याची झपाट्याने वाफ होताना ती उष्णता शोषून घेते. तोच कूलर जूनमध्ये पहिला पाऊस पडला की निरुपयोगी होतो; पंखा तोच, पाणी तेच, पण हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने वाफ होत नाही आणि घर नुसते दमट होते. आपले शरीर हाही एक कूलरच आहे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र जो घाम चटईवर टपटप गळतो, तो जवळजवळ काहीच थंडावा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीराची उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेची उष्णता शरीरात येऊ लागते, आणि मग घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. बंद खोलीत वीस-तीस जण एकाच वेळी घाम गाळत असतील तर तो मार्गही अरुंद होतो. ४०.६ अंश आणि ४० टक्के आर्द्रता यांची जोडी शरीराला कोरड्या ५० अंशांच्या आसपास भासते. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा निकष लावते आणि किनारपट्टीवर ३७ अंशांनाच लावते, त्यामागे हेच कारण आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील शासकीय पुरस्कार सोहळ्यात १४ जणांचा जीव गेला, तेव्हा परिसरातील तापमान ३८ अंशांच्या घरातच होते. विदर्भातल्या माणसाला तो आकडा मेमध्ये किरकोळ वाटला असता.

यावर आपले शिक्षक म्हणतील की, वर्गात इतके लोक येतात आणि कोणाला काही होत नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे; परंतु त्याचे शरीर धोक्याच्या किती जवळ जाऊन परत येते, हे त्याला कळत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील संशोधकांनी २० सरावाच्या, निरोगी व्यक्तींचे आतले तापमान अशा ९० मिनिटांच्या वर्गात मोजले. पुरुषांचे सर्वोच्च तापमान सरासरी ३९.६ आणि स्त्रियांचे ३८.९ अंशांपर्यंत गेले, आणि एकाचे ४० च्या किंचित वर पोहोचले. ही सारी धडधाकट माणसे होती. ज्या शरीराचे उष्णता-नियंत्रण नुकतेच एकदा कोलमडले आहे, त्याला ही दोन-अडीच अंशांची वाढ झेपेलच असे गृहीत धरता येत नाही.

उष्माघातानंतर शरीरात काय उरते, याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ‘आता बरे वाटते’ या वाक्यावर सर्वाधिक चुका होतात. अतिउष्णतेने पेशींना थेट इजा होते, आतड्याच्या अस्तरातून जिवाणूंचे विषारी अंश रक्तात उतरतात आणि सर्व शरीरभर दाह पसरतो. यकृताच्या रक्ततपासणीतील आकडे पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वाधिक वाढतात, स्नायू विरघळले असतील तर लघवी कोलासारखी गडद होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बहुतेकांमध्ये हे सर्व काही आठवड्यांत भरून येते, पण काहींमध्ये घाम सुटण्याची वेळ आणि त्वचेकडे रक्त वळण्याची तत्परता काही महिने मंदावलेली राहते. तोपर्यंत त्या माणसाचे तापमान त्याच श्रमात इतरांपेक्षा लवकर चढते. मेंदूचा जो भाग तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळतो, त्या लहान मेंदूतील पुर्किंजे नावाच्या पेशी उष्णतेला विशेष नाजूक असतात. योगाभ्यास करणाऱ्याला याची तपासणी घरीच करता येते. भिंतीजवळ उभे राहून वृक्षासन करावे, नंतर जमिनीवरच्या फरशीच्या रेषेवर एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत दहा पावले चालावे, आणि पूर्वी जो तोल सहज साधत होता तो आज साधतो का, ते प्रामाणिकपणे पाहावे. अकोल्याच्या प्रसंगाआधी एका पायावर मिनिटभर स्थिर राहणारी व्यक्ती आज दहा सेकंदांत डगमगत असेल, किंवा बोलताना जीभ जड वाटत असेल, तर त्याला वयाचा किंवा अशक्तपणाचा दोष न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

शिक्षकांचे दुसरे म्हणणे, म्हणजे तापलेल्या खोलीतच शरीर उष्णतेला सरावेल, हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच अधिक धोकादायक आहे. शरीर उष्णतेला सरावते, यात शंका नाही. रोज तास-दीड तास गरम वातावरणात बेताचे श्रम केले तर पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, नाडी स्थिरावते, आणि दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर, अधिक आणि कमी खारट येऊ लागतो. मात्र हे सरावणे बेताच्या उष्णतेत, मोजून-मापून होते. आणि ते टिकाऊही नाही, दोन-चार आठवडे उष्णतेपासून दूर राहिले की ओसरते. आपण मेच्या अखेरीपासून पुण्याच्या पावसाळी हवेत आहात. म्हणजे दोन वर्षांच्या सरावाने जी सवय आपल्या शरीराला होती, ती आज शिल्लक नाही. शिवाय ती सवय असतानाही आपण अकोल्यात कोसळला होता, हे विसरता येणार नाही.

येथे एक तुलना मुद्दाम सांगतो. उष्माघात झालेल्या सैनिकाला पुन्हा कामावर पाठवावे की नाही, हे ठरवण्यासाठी इस्रायलच्या सैन्यात एक चाचणी घेतात. घटनेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी त्या सैनिकाला ४० अंश सेल्सिअस आणि ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ट्रेडमिलवर ताशी ५ किलोमीटर वेगाने, किंचित चढावर, दोन तास चालवतात. सर्व वेळ त्याचे आतले तापमान आणि नाडी मोजली जाते, तापमान ३८.५ च्या वर गेले किंवा नाडी १५० ओलांडून गेली तर तो उष्णता सहन करू शकत नाही असे मानतात. खोलीचे आकडे पुन्हा वाचावेत. बिक्रम पद्धतीच्या वर्गाची खोली जवळजवळ तीच आहे. याचा अर्थ असा की, आपण आज त्या वर्गात गेलात तर आपण तीच चाचणी देणार आहात, फक्त तिथे डॉक्टर नसेल, आतले तापमान दाखवणारा मापक नसेल, आणि थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही ठरलेले नसेल. तापलेली खोली ही बरे होण्याच्या वाटेवरची शेवटची पायरी आहे. तिला औषध समजून पहिल्याच दिवशी तिच्यात शिरणे चुकीचे आहे.

आता क्रम सांगतो. व्यायामाने आलेल्या उष्माघाताबाबत अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलेली दिशा मी पाळतो. रुग्णालयातून सुटल्यावर किमान सात दिवस कोणताही व्यायाम नाही. त्यानंतर डॉक्टरांची तपासणी आणि बाधित अवयवांच्या चाचण्या. त्या निर्दोष आल्या की थंड वातावरणात व्यायामाला आरंभ, आणि पुढील दोन ते चार आठवड्यांत कालावधी, श्रम आणि उष्णता टप्प्याटप्प्याने वाढवणे. चार आठवड्यांतही पूर्ववत श्रम झेपत नसतील तर उष्णता-सहनशीलतेची चाचणी करण्याचा विचार करतात. आपल्याकडे ती चाचणी सहज उपलब्ध नसते, त्यामुळे मी स्वतः अधिक सबुरी ठेवतो. निदान उष्माघाताचे असेल किंवा संशयास्पद असेल, तर घटनेपासून तीन महिने पूर्ण होण्याआधी मी कोणालाही ४० अंशांच्या खोलीत जाण्याची अनुमती देत नाही. हा तीन महिन्यांचा आकडा माझ्या अनुभवातून आलेला आहे, कोणत्याही नियमपुस्तकातला नाही, हेही सांगून ठेवतो.

आपण सात आठवडे विश्रांती घेतलीच आहे, तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे या आठवड्यात आपल्या फिजिशियनना भेटावे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), यकृताच्या चाचण्या, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्राम आणि क्रिएटिन कायनेज (स्नायूंना झालेली इजा दाखवणारा आकडा) तपासून घ्यावे. वय आणि रक्तदाब पाहता ईसीजीही काढावा. त्याच भेटीत गोळ्यांचा विषय काढावा, कारण माझ्या मते आपल्या कोसळण्यात त्यांचा वाटा असण्याची बरीच शक्यता आहे. लघवी वाढवणारा घटक शरीरातील पाणी आणि मीठ आधीच कमी करून ठेवतो; ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या घाम कमी करतात; रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे त्वचेकडे पुरेसे रक्त जात नाही. मधुमेहासाठी लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्या, लिथियम आणि मानसिक आजारांवरील काही औषधे यांचाही याच यादीत समावेश होतो. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्तदाबाची गोळी बदलणे बहुधा शक्य असते, परंतु तो निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे.

चाचण्या ठीक आल्या तर पहिले दोन आठवडे सकाळी अर्धा तास चालणे आणि घरी, पंख्याखाली, साधी आसने एवढेच करावे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि तोही थंडीत व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून मंद करावा, असे सांगितले आहे. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तर ग्रीष्मात योगाला आरंभच करू नये, शरद आणि वसंत हे आरंभाचे ऋतू, असे म्हटले आहे. ही वचने मी केवळ श्रद्धेने उद्धृत करीत नाही. उष्णतेच्या आजारातून उठलेल्या माणसासाठी अर्ध्या शक्तीचे माप आजही मला सर्वांत व्यवहार्य वाटते. आसन करताना एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले, तर श्रम बेताचे आहेत असे समजावे. या काळात भस्त्रिका, वेगवान कपालभाती आणि दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) टाळावेत. शीतली प्राणायाम सुखद आहे, तो अवश्य करावा, पण त्याने शरीराचे आतले तापमान उतरेल या भरवशावर राहू नये.

त्यानंतर वाढ करताना आधी वेळ, मग श्रम आणि सर्वांत शेवटी उष्णता वाढवावी, आणि एका दिवशी यांपैकी एकच गोष्ट वाढवावी. साध्या खोलीत पाऊण तासाचा पूर्ण अभ्यास सलग दोन आठवडे त्रासाविना झाला की पंखा बंद करून वीस मिनिटे, मग तीस मिनिटे करावा. वर्गात पहिले पाऊल ठेवायचे ते ३२ अंशांच्या आसपासच्या सौम्य वर्गात, दाराजवळची जागा घेऊन, आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांत बाहेर येण्याचे शिक्षकांना आधी सांगून. प्रत्येक वेळी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: वर्गापूर्वी आणि नंतर कोरड्या अंगाने केलेले वजन, संपल्यावर लगेचची आणि दहा मिनिटांनंतरची नाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोके दुखते का. वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचे १.२ किलोहून अधिक, तर तो दिवस आपल्याला जड गेला असे समजावे आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली उतरावे. दहा मिनिटे शांत पडूनही नाडी १०० च्या वरच राहत असेल, तरीही तेच करावे. मध्ये आठवडाभर खंड पडला तर एक पायरी मागे, आणि महिनाभर पडला तर पुन्हा पहिल्यापासून. वर्गातले शेजारी काय करतात, याकडे पाहण्याचे कारण नाही.

काही दिवस असे असतात की त्या दिवशी गरम खोलीत मुळीच जाऊ नये. ताप किंवा जुलाब झाल्यापासून आठवडाभर, आदल्या रात्री नीट झोप झाली नसेल तेव्हा, मद्य घेतले असेल तेव्हा, आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी. श्रावण आणि नवरात्र पुढे येत आहेत, म्हणून हे विशेषत्वाने लिहितो. अंगावर घामोळे उठले असेल तर ती जागा दिसायला क्षुल्लक असली तरी तिथल्या घामाच्या नळ्या बुजलेल्या असतात, आणि अंगाचा मोठा भाग व्यापला असेल तर थंडावण्याची क्षमता खरोखरच घटते. पाळीपूर्वीच्या दोन आठवड्यांत स्त्रियांचे मूळ तापमान ०.३ ते ०.५ अंशाने अधिक असते, त्या दिवसांत पायरी वाढवू नये. गरोदरपणात तर हॉट योगा करूच नये.

पाण्याविषयी दोन्ही टोकांच्या चुका मी पाहिल्या आहेत. कोरडे राहणे घातक आहेच. पण भीतीपोटी दीड तासात तीन-चार लिटर साधे पाणी पिणेही घातक आहे. घामातून मीठ गेलेले असते आणि वर नुसते पाणी पडल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हॉट योगानंतर असे होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही त्याची लक्षणे उष्णतेच्या आजारासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. वर्गाच्या दोन तास आधी दोन पेले पाणी, मध्ये तहान लागेल तसे घोट, आणि नंतर जितके वजन घटले त्याच्या सव्वापट ते दीडपट द्रव चार-पाच तासांत सावकाश, असे प्रमाण ठेवावे. त्यात मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळलेले ओआरएस असावे. रक्तदाबामुळे मिठाचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वर्गानंतर वजन वाढलेले आढळले, तर पाणी जास्त प्यायले गेले, हे निश्चित.

गरम खोलीतही सर्व आसने सारखी नसतात. पादहस्तासनासारख्या आसनातून झटकन वर येताना, उष्ट्रासनातून परत येताना आणि उभ्याने लांबवलेल्या आसनांत रक्त पायांत साठून भोवळ येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून पहिले कित्येक वर्ग पाठीवरची आणि पोटावरची आसनेच करावीत. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि वेदनेची जाणीवही बोथट होते, त्यामुळे ‘आज किती छान वाकता आले’ या आनंदात सांध्याचे बंध ताणले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. काही वर्गांत, कितीही अस्वस्थ वाटले तरी खोली सोडू नये, खाली बसून राहावे, असे शिकवले जाते. आपल्या बाबतीत हा नियम लागू होणार नाही, असे त्यांनी मान्य केले नाही तर तो वर्ग आपल्यासाठी नाही. डोके ठणकणे, अंगावर शहारे येणे, मळमळ, अचानक घाम थांबणे किंवा विनाकारण चिडचिड, यांपैकी काहीही जाणवले तर बाहेर यावे. शहारे येणे, म्हणजे गरम खोलीत थंडी वाजल्यासारखे वाटणे, हे मी सर्वांत गंभीरपणे घेतो. उष्माघात होत असलेला माणूस स्वतः ‘मी ठीक आहे’ असेच म्हणत असतो, त्यामुळे त्याला आजचा वार किंवा घरचा पत्ता विचारण्याची सवय शिक्षकांना हवी. उत्तर चुकले, की उष्माघात समजून त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करावी: बाहेर नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, ओली चादर टाकून पंखा लावावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा. टब असेल तर बर्फाच्या पाण्यात बसवणे सर्वोत्तम. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली आणणे हाच खरा उपचार आहे, आणि तो रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत नाही. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, आणि अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही असा निष्कर्ष काढू नये. श्रमाने आलेल्या उष्माघातात त्वचा बहुधा ओलीच असते.

शेवटी, आपण विचारले नाही, परंतु मला विचारावेसे वाटते: ही उष्णता आपल्याला कशासाठी हवी आहे? घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात ही समजूत असेल तर ती सोडून द्यावी. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, आणि शुद्धीकरणाचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात, ज्यांना घामाने पाणी कमी पडले तर उलट त्रासच होतो. टेक्सासमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० ते ६० वयाच्या, बैठे काम करणाऱ्या लोकांना १२ आठवडे बिक्रम पद्धतीचीच आसने दिली. एका गटाला तापलेल्या खोलीत, दुसऱ्याला साध्या खोलीत. रक्तवाहिन्यांच्या प्रसरणशीलतेत दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. आपले वय आणि रक्तदाब लक्षात घेता, आपल्याला ज्या लाभाची सर्वाधिक गरज आहे तो आसनांतून मिळतो आणि पंख्याखालीही मिळतो. मन शांत होते, वर्गातल्या मैत्रिणी भेटतात, शरीर हलके वाटते, म्हणून जावेसे वाटत असेल, तर ती ओढ मी पूर्णपणे समजू शकतो, आणि तेवढ्यासाठी वर दिलेल्या पायऱ्या चढण्याइतका धीर आपण धरावा.

भरलेल्या शुल्काविषयी: डॉक्टरांचे पत्र जोडून ते सप्टेंबरपर्यंत स्थगित ठेवण्याची लेखी विनंती करावी, किंवा त्याच संस्थेत साध्या तापमानाचा वर्ग असेल तर ते त्या वर्गाकडे वळते करून मागावे. दोन्ही नाकारले तर तेवढे पैसे गेले असे समजावे. तपासण्यांचे अहवाल आणि अकोल्याच्या केसपेपरची प्रत हाती आल्यावर मला कळवावे. त्यातील पहिले तापमान आणि क्रिएटिन कायनेजचा आकडा पाहून पुढच्या पायऱ्यांच्या तारखा आपण मिळून ठरवू. ऑक्टोबरच्या उन्हातही दुपारी बाहेर पडताना डोक्यावर रुमाल आणि हातात पाण्याची बाटली असू द्यावी, आणि पुढच्या उन्हाळ्यात विदर्भातले लग्न असेल तर वरातीत न चालता थेट मंडपात जावे.